दुकानाचा हिशेब आपल्याच यंत्रावर : लिनक्सवर वेब सर्व्हर कसा उभारावा

भिवंडीतील आमच्या परिचयाचे एक कापड व्यापारी आहेत. ग्रे कापडाचा धंदा, चार-पाच राज्यांत पार्ट्या. काही वर्षांपूर्वी त्यांनी एका होतकरू मुलाकडून आपल्या पेढीची वेबसाईट करून घेतली. कोणत्या जातीचे किती तागे शिल्लक आहेत हे बाहेरगावच्या पार्टीला घरबसल्या दिसावे आणि तिथेच मागणी नोंदवता यावी, एवढाच हेतू होता. दोन वर्षे काम उत्तम चालले. मग त्या मुलाला आखाती देशात नोकरी लागली, त्याचा इथला नंबर बंद झाला, आणि एके दिवशी साईट उघडेनाशी झाली. वर्षाचे भाडे भरायचे राहून गेले होते. साईटचे नावसुद्धा त्या मुलाच्याच नावावर नोंदलेले निघाले. मुनीम एवढेच म्हणाले, "सेठ, पासवर्ड तर त्या पोराच्याच फोनमध्ये होता." दोन वर्षांच्या मागण्या, पार्ट्यांचे पत्ते, कुणाला कोणत्या भावाने माल दिला त्याची नोंद, सगळे गेले.

मुलाने फसवले असे आम्ही म्हणणार नाही. त्याला कुणी विचारलेच नव्हते. पण त्या दिवशी सेठनी आम्हाला एक प्रश्न विचारला : "हे सगळं माझ्या दुकानात, माझ्या टेबलाखाली राहू शकत नाही का?"

राहू शकते. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर फुकट आणि कायदेशीर मिळते, चोरीच्या प्रती वापरण्याची गरज नाही. ते कसे बसवायचे, हे त्या दुकानात आम्ही जसे केले त्याच क्रमाने या लेखात देत आहोत. ज्यांच्या घरी बारावी झालेला आणि संगणकाची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी हा लेख त्यांच्या हाती द्यावा. दोन-तीन संध्याकाळचे काम आहे.

चार भाग, चार कामे

वेब सर्व्हर म्हणजे मोठे कपाटाएवढे यंत्र अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात कोणताही साधा संगणक सर्व्हर होऊ शकतो. मागणारा मागतो आणि हा देतो, म्हणून त्याचे नाव सर्व्हर. त्यावर चार थर बसवावे लागतात. सर्वांत खाली लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारी प्रणाली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली. त्यावर अपाचे, म्हणजे दारावरचा माणूस : बाहेरून कुणी पान मागितले की ते काढून देणारा. अपाचे १९९५ साली आले. तिसरा डेटाबेस, म्हणजे खातेवही. आणि चौथी पीएचपी ही भाषा, जी खातेवहीतून नोंद वाचून तिचे पान तयार करते. ही भाषा रास्मुस लेर्डॉर्फ यांनी १९९४ साली स्वतःच्या पानासाठी बनवायला घेतली आणि १९९५ मध्ये सर्वांसाठी खुली केली.

या चौकडीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'लॅम्प' हे नाव पडले. एका जर्मन संगणक मासिकात मिखाएल कुन्झे यांनी १९९८ साली ते प्रथम वापरले. खातेवहीच्या बाबतीत मात्र मधल्या काळात थोडा बदल झाला. पूर्वी सर्वत्र मायएसक्यूएल असे. ती कंपनी २००८ साली सन कंपनीने विकत घेतली, आणि पुढे २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलकडे गेली. मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी त्याआधीच, २००९ साली, त्याच पायावर मारियाडीबी नावाची वेगळी शाखा काढली. आपल्या थोरल्या मुलीचे नाव 'माय' पहिल्याला आणि धाकटीचे 'मारिया' दुसऱ्याला, असा हा घरगुती मामला आहे. आज्ञा बहुतांशी दोन्हीकडे सारख्याच. आपण मारियाडीबी वापरणार आहोत, कारण डेबियनमध्ये तीच मिळते.

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. आमची शिफारस डेबियन. १९९३ पासून चालत आलेले आहे, कोण्या एका कंपनीच्या मालकीचे नाही, आणि जुन्या यंत्रावरही कुरकुर न करता चालते. नुसते नवे म्हणून दुसरे काही घेऊ नये.

यंत्र आणि लिनक्स

सेठच्या पोटमाळ्यावर एक जुना संगणक धूळ खात पडला होता. चार जीबी मेमरी होती, ती पुरेशी आहे. फक्त संगणक ६४-बिटचा असावा, कारण डेबियनच्या १३व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२५ पासून, ३२-बिट यंत्रासाठी इन्स्टॉलर येत नाही. जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी टाकली, आणि एक लहान यूपीएस घेतला. खर्च एवढाच.

डेबियनच्या साईटवरून छोटी इन्स्टॉल प्रत उतरवून ती पेनड्राईव्हवर घ्यावी आणि त्यावरून संगणक सुरू करावा. प्रश्न विचारले जातील, त्यांपैकी दोन ठिकाणी थांबावे. पहिले, 'रूट' म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा पासवर्ड विचारला जातो, तो रिकामा सोडावा. तसे केले की आपण पुढे जो साधा वापरकर्ता बनवतो त्याला गरजेपुरते अधिकार घेण्याची मुभा मिळते. दुसरे, शेवटी सॉफ्टवेअरची यादी येते. तिथे डेस्कटॉपवरची खूण काढून टाकावी आणि 'एसएसएच सर्व्हर' व 'स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज' या दोनच ठेवाव्यात. पडद्यावर चित्रे दिसणार नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे. घाबरू नये, सर्व्हरला चित्रांचे काय काम!

आता आज्ञा. त्या इथे देवनागरीत छापल्या आहेत, पण टाईप करताना इंग्रजी लहान अक्षरे आणि इंग्रजी आकडेच वापरावेत. जवळजवळ प्रत्येक आज्ञेच्या आधी 'सुडो' येते, एस-यू-डी-ओ. मालकाच्या अधिकाराने हे काम कर, असा तिचा अर्थ. त्यानंतर येणारे 'ॲप्ट', ए-पी-टी, हे डेबियनचे भांडारगृह समजावे. प्रथम भांडाराची यादी ताजी करावी आणि मग सुधारणा घ्याव्यात :

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट अपग्रेड

अपाचे

सुडो ॲप्ट इन्स्टॉल अपाचे२

'अपाचे' आणि २चा आकडा यांच्यामध्ये जागा सोडू नये. एका मिनिटात काम होते आणि अपाचे आपोआप सुरूही होते. आता या यंत्राचा पत्ता पाहावा : 'होस्टनेम', मग जागा सोडून आडवी रेघ आणि मोठा 'आय'. १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा मिळेल. दुकानातल्या दुसऱ्या संगणकाच्या किंवा त्याच वायफायवरील मोबाईलच्या ब्राउझरमध्ये तो आकडा टाकला की अपाचेचे स्वागतपान उघडते. ते पाहून सेठच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो आम्हाला अजून आठवतो.

हा पत्ता उद्या बदलू शकतो, कारण तो राउटर वाटतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन या यंत्रासाठी एकच पत्ता कायमचा राखून ठेवावा. हे केले नाही तर एक दिवस मुनीम सांगतील की सर्व्हर बंद पडला, आणि सर्व्हर मात्र शेजारच्या पत्त्यावर सुखाने चालू असेल.

जी पाने जगाला दाखवायची ती /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल या कप्प्यात ठेवायची असतात. या कप्प्यातले सर्व काही बाहेरच्याला दिसू शकते असे धरून चालावे. अपाचे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या नावाच्या कमी अधिकाराच्या वापरकर्त्याच्या रूपाने काम करते. पान उघडत नसले की काही मंडळी सगळ्या फाईलींना ७७७ परवानगी देऊन मोकळी होतात. ७७७ म्हणजे वाचणे, लिहिणे आणि चालवणे हे तिन्ही अधिकार मालकाला, गटाला आणि वाटेल त्याला. गल्ल्याला कुलूप बसत नाही म्हणून गल्लाच रस्त्यावर ठेवण्यासारखे हे आहे. फाईल मालकाची, अपाचेला फक्त वाचण्याची मुभा, एवढे बहुतेक पानांना पुरते.

खातेवही

सुडो ॲप्ट इन्स्टॉल मारियाडीबी-सर्व्हर

त्यानंतर 'सुडो मारियाडीबी-सिक्युअर-इन्स्टॉलेशन' चालवावे. ते निनावी वापरकर्ते आणि सरावाचा डेटाबेस काढून टाकायचा का असे विचारते, होय म्हणावे. मग 'सुडो मारियाडीबी' म्हणून आत शिरावे. इथे प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धविराम देणे आवश्यक आहे. तो विसरला तर यंत्र काहीच न बोलता पुढच्या ओळीची वाट पाहत बसते आणि नवशिक्याला वाटते की संगणक अडकला.

क्रिएट डेटाबेस दुकान कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४;
क्रिएट यूजर 'मुनीम'@'लोकलहोस्ट' आयडेंटिफाईड बाय 'इथे पासवर्ड';
ग्रँट सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट ऑन दुकान.* टू 'मुनीम'@'लोकलहोस्ट';

तिसऱ्या ओळीकडे लक्ष द्यावे. मुनीम या खात्याला नोंद पाहण्याचा, घालण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार आहे, पण खोडण्याचा, म्हणजे 'डिलीट'चा, नाही. व्यापारात लिहिलेली नोंद कुणी खोडत नाही, उलट नोंद करून फिरवतो. तोच शिरस्ता इथेही ठेवला. पुढे कुणी वेबसाईटमधून शिरकाव केलाच, तरी त्याला तुमची वही फाडता येणार नाही. आकडे बदलण्याचा धोका राहतो, त्यावर उपाय शेवटी येईल. तागे, पार्ट्या आणि मागण्या यांचे तक्ते 'सुडो मारियाडीबी' म्हणून मालकाच्या अधिकाराने करावेत, मुनीम खात्याने नव्हे.

पहिल्या ओळीतल्या 'यूटीएफ८एमबी४'बद्दल आमच्या वाचकांसाठी थोडे जास्त सांगणे जरूर आहे. संगणक अक्षरे आकड्यांच्या रूपात साठवतो. या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाईट लागतो, उर्दूच्या अक्षराला दोन आणि देवनागरीच्या अक्षराला तीन. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत नुसती पश्चिम युरोपची अक्षरे धरून चालण्याची सवय होती, त्यामुळे मराठी नाव टाकले की परत वाचताना प्रश्नचिन्हांची रांग दिसे. यूटीएफ८एमबी४ ठेवले की पार्टीचे नाव मराठीत, उर्दूत, गुजरातीत, कसेही लिहा, जसेच्या तसे परत मिळते. मात्र ज्यांचा जुना हिशेब युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टाईप केलेला आहे, त्यांनी तो तसाच आत ओतू नये. त्या फाईलीत मराठी अक्षरे नसतातच. इंग्रजी चिन्हांवर मराठी आकाराचा बुरखा चढवलेला असतो. आधी तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि दहा-वीस नावे डोळ्यांनी तपासावीत, विशेषतः जोडाक्षरे आणि रफार.

पीएचपी

सुडो ॲप्ट इन्स्टॉल पीएचपी लिबअपाचे२-मॉड-पीएचपी पीएचपी-मायएसक्यूएल पीएचपी-एमबीस्ट्रिंग

दुसरे नाव अपाचेला पीएचपी समजावून देणारे, तिसरे खातेवहीशी बोलणारे, चौथे देवनागरीसारखी अनेक बाईटची अक्षरे नीट मोजणारे. मग 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट अपाचे२' द्यावे. चाचणीसाठी एचटीएमएल कप्प्यात एक लहान फाईल करून तिच्यात पीएचपीइन्फो ही एकच आज्ञा ठेवतात. ब्राउझरमध्ये जांभळ्या पट्टीचे लांबलचक पान दिसले की सर्व जुळले. पाहून झाल्यावर ती फाईल लगेच काढून टाकावी, कारण यंत्राची सगळी कुंडली तिच्यात असते.

पानाऐवजी कोडच जसाच्या तसा दिसला, तर अपाचेला पीएचपी सापडलेली नाही. ही स्थिती धोक्याची आहे. खातेवहीचा पासवर्ड कोडमध्ये लिहिलेला असेल, तर तोही पाहणाऱ्याला दिसतो. म्हणून पासवर्डची फाईल एचटीएमएल कप्प्याच्या बाहेर ठेवावी आणि पानातून तिचा नुसता उल्लेख करावा.

मागणी नोंदवण्याचे पान लिहिताना एक चूक हमखास होते. पार्टीने टाईप केलेला मजकूर तसाच उचलून डेटाबेसच्या आज्ञेत चिकटवला जातो. शहाणा भामटा नावाच्या जागी डेटाबेसची आज्ञाच टाईप करतो आणि ती चालून जाते. त्यावरचा उपाय म्हणजे 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट'. आज्ञा आधी वेगळी ठरते, मजकूर नंतर वेगळा जातो, आणि मजकुरात काहीही असले तरी तो मजकूरच राहतो. ज्या मुलाला तुम्ही काम द्याल त्याला हा एक प्रश्न जरूर विचारावा. तो गोंधळला तर दुसरा मुलगा पाहावा.

काही बिघडले तर अंदाजाने बटणे दाबू नयेत. अपाचे स्वतःची रोजनिशी ठेवते, ती /व्हार/लॉग/अपाचे२/एरर.लॉग या फाईलीत असते. ४०४ म्हणजे पान सापडले नाही, ४०३ म्हणजे पान आहे पण परवानगी नाही, ५०० म्हणजे कोडमध्ये काही मोडले आहे. शेवटची ओळ वाचली की दहापैकी आठ वेळा कारण तिथेच मिळते.

दार आणि रस्ता

एवढे झाल्यावर दुकानातला गल्ला, मुनीमांचे टेबल आणि मागचे गोदाम हे तिन्ही एकाच खातेवहीवर काम करू लागले. अनेकांना इतके पुरेल. बाहेरच्या पार्टीला दाखवायचे असेल तर आमचे मत स्पष्ट आहे : दुकानातले यंत्र थेट इंटरनेटवर उघडू नये. एक तर साध्या ब्रॉडबँडवर स्वतःचा कायमचा पत्ता बहुधा मिळत नाही, आणि मिळाला तरी हिशेबाचे यंत्र रस्त्यावर आणण्यात शहाणपण नाही. त्यासाठी महिन्याच्या भाड्याने लहानसा सर्व्हर घ्यावा, त्यावर याच पायऱ्या पुन्हा कराव्यात आणि तिथे फक्त शिल्लक माल व मागण्या ठेवाव्यात. उधारीचा हिशेब दुकानातच राहू द्यावा.

भाड्याच्या यंत्रावर आग-भिंत म्हणजे फायरवॉल लागते. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल यूएफडब्ल्यू' करून तीन दारे उघडावीत : २२ क्रमांकाचे स्वतःसाठी, ८० आणि ४४३ पाहुण्यांसाठी.

सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ २२/टीसीपी
सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ ८०/टीसीपी
सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ ४४३/टीसीपी
सुडो यूएफडब्ल्यू एनेबल

क्रम बदलू नये. २२ उघडण्याआधी एनेबल केले तर आपणच बाहेर राहतो. खातेवहीचे दार ३३०६, ते उघडायचे नाही. मारियाडीबी डेबियनवर मुळातच फक्त त्याच यंत्रातून आलेली हाक ऐकते, ती सेटिंग तशीच ठेवावी.

साईटचे नाव मात्र मालकाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलने आणि स्वतःच्या मोबाईलने नोंदवावे. सेठचे नुकसान याच जागी झाले होते. नाव या यंत्राच्या पत्त्याशी जोडले की कुलपाच्या चिन्हाचे प्रमाणपत्र घ्यावे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१६ पासून ते सर्वांना विनामूल्य देते. 'सर्टबॉट' व 'पायथन३-सर्टबॉट-अपाचे' ही दोन नावे ॲप्टने बसवून 'सुडो सर्टबॉट --अपाचे' दिले की काम होते, आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरणही आपोआप होत राहते. यासाठी कुणी वर्षाला हजारो रुपये मागत असेल तर आधी कारण विचारावे.

नक्कल

आता आमची चूक सांगतो. रोज रात्री दोन वाजता खातेवहीची नक्कल आपोआप निघावी अशी व्यवस्था आम्ही करून दिली. पुस्तकांत तसेच लिहिलेले असते. तीन आठवड्यांनी सहज पाहायला गेलो तर नकलेच्या कप्प्यात काहीच नाही. सेठ रोज रात्री नऊला दुकान बंद करताना मेन स्विच पाडत होते! यूपीएस थोडा वेळ तग धरी आणि मग यंत्र धाडकन बंद पडे. नशीब असे की मारियाडीबी प्रत्येक बदल आधी आपल्या कच्च्या वहीत लिहिते आणि मग पक्क्या वहीत घेते. त्यामुळे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ती अर्धवट कामे निस्तरून घेई आणि हिशेब शाबूत राही. पण नक्कल एकही नव्हती. त्या तीन आठवड्यांत डिस्क गेली असती तर सेठसमोर उभे राहण्याचे तोंड आम्हाला नव्हते.

तेव्हापासून नकलेची वेळ दुपारी दीडची ठेवली, आणि गल्ल्याच्या भिंतीवर कागद लावला : आधी 'सुडो पॉवरऑफ', मग मेन स्विच. नक्कल काढणारी आज्ञा अशी :

सुडो मारियाडीबी-डंप दुकान > दुकान.एसक्यूएल

ही आज्ञा तारखेसह एका लहान स्क्रिप्टमध्ये ठेवावी आणि ती स्क्रिप्ट 'क्रॉन' या वेळापत्रकात नोंदवावी. 'सुडो क्रॉनटॅब' नंतर आडवी रेघ आणि 'ई' दिले की वेळापत्रक उघडते. त्यात आधी मिनिट, मग तास येतो, म्हणजे दीड वाजता हे '३० १३' असे लिहायचे. तारखेची आज्ञा थेट वेळापत्रकात लिहू नये, कारण तिथे टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ वेगळा होतो आणि काम गपचूप फसते. नक्कल त्याच यंत्रात ठेवून उपयोग नाही. एक पेनड्राईव्हवर आणि एक दुकानाबाहेर, घरी, ठेवावी. जुन्या नकलाही महिनाभर सांभाळाव्यात. कुणी आकडे फिरवले असतील तर ते आठ-पंधरा दिवसांनीच लक्षात येते.

आणि नक्कल उघडून पाहावी. फाईल आहे एवढ्याने भागत नाही, आज्ञा चुकली तरी शून्य आकाराची फाईल तयार होतेच. आम्ही सेठच्या दुकानात महिन्याच्या पहिल्या शनिवारी हे करतो : 'सुडो मारियाडीबी' म्हणून 'तपासणी' नावाचा रिकामा डेटाबेस करायचा, बाहेर येऊन त्यात आदल्या दिवशीची नक्कल ओतायची,

सुडो मारियाडीबी तपासणी < दुकान.एसक्यूएल

आणि मग मागण्यांच्या तक्त्यातील नोंदी मोजायच्या. मुनीम आपल्या बिलबुकातून कोणत्याही तीन पार्ट्यांची नावे सांगतात, आम्ही तपासणीच्या वहीतून त्यांचे तागे आणि भाव वाचून दाखवतो. तिन्ही जुळले की तपासणी पुसून टाकायची आणि भिंतीवरच्या कागदावर तारीख टाकून मुनीमांची सही घ्यायची.